गुदमऱ्या आणि गंधक्या

सांडपाण्याच्या प्लँटवर तिला सगळे दुर्बीणबाई म्हणत. दुर्बीण वेगळी आणि मायक्रोस्कोप वेगळा, हे तिनं पहिल्या वर्षी जीव तोडून समजावलं, दुसऱ्या वर्षी नुसतं सांगितलं, आणि तिसऱ्या वर्षी फोन उचलून स्वतःच "दुर्बीणबाई बोलतेय" म्हणायला लागली. तिला तिथं लागून आता बावीस वर्षं झाली होती.

तिचं काम काय ते कळलं की पाहुणे नाक मुरडत आणि हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवत. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. गावभरच्या मोऱ्या, संडास, न्हाणीघरं यांतलं पाणी जमिनीखालच्या नळांतून प्लँटवर येतं. तिथं ते एका मोठ्या टाकीत पडतं. टाकीत गाळ असतो, गाळात अब्जावधी जिवाणू असतात, आणि ते ही घाण खातात. खाताना त्यांना हवा लागते, म्हणून शेजारच्या खोलीतले ब्लोअर अहोरात्र टाकीच्या तळाशी हवा फुंकत असतात. पोट भरलेले जिवाणू एकमेकांना धरून पुंजके करतात, पुंजके पुढच्या टाकीत खाली बसतात, आणि वरचं निवळ पाणी नदीत सोडतात. हे सगळं नीट चाललं तर प्लँट म्हणून काही आहे हे गावाला आठवतही नाही.

बिघडतं ते धाग्यांमुळे. काही जिवाणू पुंजक्यात न बसता लांबलचक धाग्यांसारखे वाढतात. ते माजले की गाळ बसायचं नाव घेत नाही. फुगतो, वर येतो, आणि काठावरून ओसंडून नदीला मिळतो. कुठला धागा माजलाय ते ओळखायचं, हे दुर्बीणबाईचं काम. असे तीसेक प्रकार आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना शास्त्रज्ञांनी नावंसुद्धा दिलेली नाहीत, नुसते नंबर. नंबर प्लँटवरच्या माणसांच्या डोक्यात राहीनात, म्हणून तिनं घरगुती नावं पाडली. तेलकट पाण्यावर पोसतो तो तेल्या. अन्न कमी पडलं की वाढतो तो उपाशी. टाकीत हवा अपुरी पडली की वाढतो तो गुदमऱ्या. आणि पाणी वाटेतच नळात साचून सडलं की वाढतो तो गंधक्या. सडक्या पाण्यातलं गंधक तो पोटात साठवून ठेवतो.

नावांचं सगळ्यांना हसू यायचं, पण तिच्या कागदाला प्लँटवर सगळे टरकून असत. कारण धागा कळला की दोष कुणाचा ते कळायचं. तेल्या म्हणजे हॉटेलवाल्यांनी तेल सोडलंय. गंधक्या म्हणजे सांडपाणी इकडं ढकलणाऱ्या गावाबाहेरच्या पंपाकडं काहीतरी बिघडलंय. आणि गुदमऱ्या म्हणजे ब्लोअर बंद राहिले, आणि ते चालवणारा माणूस झोपा काढत होता.

आठ महिन्यांपूर्वी गाळ फुगला तो असा फुगला, की नदीत मासे उलटे झाले आणि खालच्या वस्तीचे पिण्याच्या पाण्याचे नळ तीन दिवस बंद ठेवावे लागले. लोकांनी प्लँट डोक्यावर घेतला. वरून विचारणा सुरू झाली. प्लँटचे साहेब स्वभावानं वाईट नव्हते, पण घाबरट होते. ते प्रयोगशाळेच्या दारातच येऊन उभे राहिले.

"बाई, कोण आहे तेवढं सांगा. आत्ता सांगा."

ओळखायची रीत म्हणजे एकामागून एक प्रश्न. धाग्याला फांद्या आहेत का? नाहीत. आपण होऊन सरपटतो का? नाही. पोटात चमकते पिवळसर कण दिसतात का? नाहीत. मग रंग द्यायचा, धुवायचा, पुन्हा दुसरा रंग द्यायचा. जांभळा राहिला की गुलाबी झाला? गुलाबी. असं करत करत शेवटी उरला गुदमऱ्या.

त्या आठवड्यात ब्लोअरवर रात्रपाळीला तिचा दादा होता. सख्खा थोरला भाऊ.

प्लँटवर दादाला भोंगा म्हणत. सदतीस वर्षं ब्लोअरच्या घरघरीत काढून त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे साधं 'बस' म्हटलं तरी समोरचा दचकायचा. वडील गेले तेव्हा तो अठराचा होता आणि ती नऊची. तिची शाळा सुटू नये म्हणून त्यानं स्वतःचं शिक्षण सोडलं आणि ब्लोअरवर लागला. संध्याकाळी तो तिचे धडे ब्लोअरच्या खोलीत म्हणून घ्यायचा. तिथं ऐकू यायचं तर ओरडावं लागायचं, त्यामुळे तिचा सगळा भूगोल ओरडून पाठ झालेला. पुढं तिला प्लँटवर आणणाराही तोच. तेव्हाच्या साहेबांसमोर हाताला धरून उभी केली आणि म्हणाला, "ही माझी बहीण. हिला दिसेल तेच ही सांगेल. दुसरं काही सांगता येत नाही हिला, लहानपणापासून."

तर तिला जे दिसलं ते तिनं लिहिलं.

टाकीतला प्राणवायू मोजायचं यंत्र तेव्हा दुरुस्तीला गेलेलं. दादाच्या वहीत दर तासापुढं 'चालू' लिहिलेलं होतं. पण वहीचं काय, सकाळी बसून एका दमात सगळी भरता येते, असं चौकशीत म्हटलं गेलं. साक्षीला उरले टाकीतले जीव. "ते खोटं बोलत नाहीत," हे तिचं नेहमीचं वाक्य. चौकशीत साहेबांनी ते तिच्याकडं बघत म्हणून दाखवलं.

मग दादाला विचारलं, झोपला होतास का? त्यानं टेबलापलीकडून बहिणीकडं बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"तिनं लिहिलंय ना? मग लागला असेल डोळा."

तेवढंच कागदावर लिहून घेतलं. त्यानं सही केली, डबा उचलला आणि घरी गेला. नोकरी गेली, तीन वर्षं उरली असताना.

प्लँटवर सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. सख्ख्या भावाला सोडलं नाही हो, म्हणाले. घरी गेल्यावर ती पोटभर रडली. पण खरं सांगायचं तर त्या रडण्याच्या तळाशी तिला थोडं बरंही वाटत होतं. आपण अशा आहोत, असं वाटत होतं. तिनं ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, आणि त्या बरं वाटण्याची तिला आठ महिने लाजही वाटली नाही.

परवाच्या मंगळवारी गाळ पुन्हा फुगला.

आता ब्लोअरवर नवा माणूस होता आणि भिंतीवर नवं यंत्र होतं, दर मिनिटाला टाकीतल्या हवेचा आकडा दाखवणारं. साहेबांनी महिन्याभराचे आकडे काढून आणले. ब्लोअर एक मिनिटसुद्धा थांबले नव्हते. हवा हवी त्याहून जास्तच होती.

"ह्या खेपेला कोण, बाई?"

एरवी नमुना पाळीवरचा माणूस आणून ठेवायचा आणि तिला वेळ होईपर्यंत तो तिच्या बुडबुड्यांवर राहायचा. बुडबुडे ही तिची खास सोय. मासे पाळायच्या पेटीचा छोटा पंप आणि बारीक नळी लावून ती बाटलीत हवा सोडत ठेवायची. बाकीच्या प्लँटवर नमुना फ्रीजमध्ये ठेवत. ती हसायची त्यांना. "थंडीनं अर्धमेले झालेले जिवाणू बघून काय ओळखणार? माझे जिवंत असतात." बाहेरून कुणी प्रयोगशाळा बघायला आलं की ती आधी बुडबुडे दाखवायची.

मंगळवारी मात्र घाई होती, म्हणून बाटली घेऊन ती स्वतः टाकीच्या कठड्याशी गेली, आणि पाच मिनिटांत काचपट्टी मायक्रोस्कोपखाली होती.

धागे होते. रग्गड होते. आणि प्रत्येक धाग्याच्या पोटात पिवळसर कण चमकत होते, ओळीनं.

गंधक्या. तिनं साहेबांना सांगितलं, साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पंपाकडं फोन लावायला गेले. विषय संपला. तिनंही संपवला असता. पण तिला एक सवय होती, पाहिलेला प्रत्येक धागा पेन्सिलनं वहीत काढून ठेवायची. नवं चित्र काढून झाल्यावर तिनं मागची पानं उलटली. आठ महिन्यांपूर्वीचं पान आलं. तीच जाडी. तशाच पेशी, टोकाला तशाच निमुळत्या. काढणारा हात एकच असला तरी दोन वेगळे धागे इतके सारखे येत नाहीत. फरक एवढाच की जुन्या चित्रात पोटं रिकामी होती.

ती उठून खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा बघितलं. मग उरलेली बाटली तिनं बुडबुड्यांवर लावली आणि कपाटाला टेकून उभी राहिली. जुना नमुना सुट्टीच्या आदल्या दिवशी घेतलेला होता. दोन दिवस तो ह्याच बुडबुड्यांवर होता.

ते दोन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. जेवताना घास हातात धरून बसायची. गुरुवारी सकाळी आल्या आल्या, पर्स खांद्यावर तशीच ठेवून, तिनं काचपट्टी लावली.

पोटं रिकामी होती. शेजारी जुनं चित्र होतं आणि मायक्रोस्कोपखाली तेच होतं, रेघ न् रेघ.

कुणी विचारलं असतं तर तिला ते एका वाक्यात सांगता आलं असतं. बाटलीत ताजं सडकं पाणी येत नाही, हवा मात्र भरपूर मिळते. मग भुकेला गंधक्या जगण्यासाठी पोटातलं साठवलेलं गंधक खाऊन टाकतो, आणि दोन दिवसांनी अगदी गुदमऱ्यासारखा दिसतो. बाकीच्यांसारखा फ्रीजमध्ये टाकला असता तर चार कण तरी राहिले असते. तिनं त्याला कौतुकानं जिवंत ठेवलं, म्हणून तो तिच्यासमोर पुरावा गिळून बसला होता.

आणि हेही पुस्तकात लिहिलेलं होतं. कण दिसले नाहीत तर नमुन्यात सल्फाइडचं पाणी, म्हणजे सडक्या पाण्यात असतं तेच विरघळलेलं गंधक, घाला, वीस मिनिटं थांबा. गंधक्या असेल तर पोट भरून घेईल आणि कण पुन्हा दिसतील. वीस मिनिटं. त्या दिवशी साहेब दारात उभे होते, सल्फाइडची बाटली कपाटात मागं होती, आणि बावीस वर्षांत त्या चाचणीनं तिचं उत्तर एकदाही बदललं नव्हतं. वेळ घालवायचा कशाला, असं तिला वाटलं होतं. हे आपल्याला वाटलं होतं, हे तिला आता नको इतकं स्पष्ट आठवलं.

तिनं चाचणी केली. विसाव्या मिनिटाला कण परत आले.

मग तिनं पंपावर फोन केला. पंपवाला आरामात बोलत होता. "दोनातला एक पंप बंद आहे ना बाई, पाणी नळातच साचतंय. काळंकुट्ट होऊन येतंय तुमच्याकडं."

"आठ महिन्यांपूर्वी?"

"तेव्हाही हेच. तीन आठवडे तसंच चाललेलं."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी? तुमच्याकडं तर माणूस सापडला होता म्हणे."

तिनं फोन ठेवला. त्या दिवशी तिनं जुन्या अहवालावर आडवी रेघ मारली, शेजारी चूक कशी झाली ते सविस्तर लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि कागद साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला.

"बाई, ते प्रकरण मिटलंय."

"चुकीच्या कागदावर मिटलंय."

"तुमच्या बावीस वर्षांच्या कामावर लोक बोट ठेवतील. प्रत्येक जुना कागद उकरून काढतील."

"काढू देत. मलाही बघायचाय प्रत्येक."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "मी हा पुढं पाठवीन. पाठवणार नाही असं नाही. पण त्याला काढलं ते नुसत्या तुमच्या कागदावर नाही. त्यानं स्वतः कबूल केलंय, सही आहे. ती तुम्हाला पुसता येणार नाही. मी झोपलो नव्हतो, असं त्यानं लिहून द्यायला पाहिजे. त्याच्या हातानं."

तिला त्यांचा राग आला नाही. ते बरोबरच बोलत होते.

दार वहिनीनं उघडलं. आठ महिन्यांत वहिनी तिच्याशी 'पाणी देऊ?' याच्यापलीकडं बोलली नव्हती, आणि आज तेही विचारलं नाही. आत दादा फरशीवर सतरंजी टाकून बसला होता, मांडीवर दीड वर्षाची नात. शेजारी गजराचं घड्याळ.

"खुर्चीत बस की, दादा."

"नको. पोर हातात आहे."

तिला कळलं नाही. वहिनी भांडी पुसत होती, तिकडूनच बोलली. "खुर्चीत बसून घेत नाहीत तिला. झोप लागली तर पडेल म्हणतात. गॅसवरचं दूध बघा म्हटलं तरी नको म्हणतात. सायकल विकली. अर्ध्या अर्ध्या तासानं गजर लावतात दिवसभर, जागे आहोत का ते बघायला."

दादा ओशाळून हसला. "वय झालं. माणसाचा भरवसा नाही."

तो ह्या आठ महिन्यांत एकदाही, कुठंही, अवेळी झोपला नव्हता. ते वहिनीनं सांगितलं. तरी त्याला स्वतःची भीती बसली होती ती बसलीच होती.

दुर्बीणबाईनं सगळं सांगितलं. बरा कान तिच्याकडं करून तो ऐकत होता. कण, बुडबुडे, न केलेली चाचणी, पंप. तिनं काही झाकलं नाही. "तू झोपला नव्हतास, दादा. माझं चुकलं. माझ्या हातून चुकलं." तिनं तयार करून आणलेला अर्ज पुढं सरकवला. त्यावर एकच वाक्य होतं: त्या रात्रींना मी जागा होतो आणि ब्लोअर चालू होते.

नात वहिनीकडं देऊन त्यानं पेन घेतलं. वाक्य वाचलं. पेन कागदावर टेकलं, आणि तिथंच राहिलं.

"काय झालं?"

"मला आता झोपल्याचं आठवतं, ठमे."

लहानपणी ती गुबगुबीत होती, तेव्हापासून तो तिला ठमी म्हणायचा. आज ते नाव ऐकून तिला तोंड लपवावंसं वाटलं.

"खोटं नाही सांगत," तो म्हणाला. "आधी आठवत नव्हतं. मग रोज आठवून बघितलं. कसा लागला असेल डोळा, कुठल्या रात्री, किती वाजता. आठवत आठवत गेलो तर आता सगळं दिसतं. खुर्ची भिंतीला टेकलेली. हनुवटी छातीवर. मला स्वतःचं घोरणं ऐकू येतं. मी कसं लिहू?"

"पण ते झालंच नाही. मी सांगते ना."

तो तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सोसत नव्हतं.

"तू सांगितलंस म्हणून झोपलो म्हणालो," तो म्हणाला. "आता तू सांगतेस म्हणून जागा होतो म्हणू?"

वहिनीच्या हातातलं भांडं खाली आदळलं. "वन्सं, तुम्ही काय घालवलंत ह्यांचं ते कळलं का? नोकरी गेली तिचं मी बघून घेतलं असतं." पुढं तिला बोलवेना. ती नातीला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

दुर्बीणबाई त्या लोटलेल्या दाराकडं बघत बसली. मग ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. उद्या प्लँटवर ये. तू स्वतः कर, स्वतः बघ. मी नुसती शेजारी उभी राहते."

तो आला. गेटवरच्या पहारेकऱ्यानं त्याला काही न विचारता आत सोडलं आणि उगाच दुसरीकडं बघितलं. सदतीस वर्षं ह्या आवारात काढून दादानं मायक्रोस्कोपला डोळा लावलेला नव्हता. तिनं उंच स्टूल पुढं ओढून दिलं. टाकीतून ताजा नमुना त्यालाच आणायला लावला. थेंब त्यानंच सोडला, वरची पातळ काच त्यानंच ठेवली. पहिल्या दोन मोडल्या, तिसरी बसली. जाड बोटांनी तो नीट दिसेपर्यंत चाक फिरवत राहिला. मग म्हणाला, "चमकतायत."

"हे ताजे. आता हे बुडबुड्यांवरचे."

"रिकामे आहेत."

"मी तेव्हा हे बघितलं होतं."

त्यानं मान डोलावली. पटलं होतं, पण ते गणित पटावं तसं. झोपलेला माणूस त्याच्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता, हे तिला दिसत होतं.

"आता काय?" त्यानं विचारलं.

"ह्या रिकाम्यांत सल्फाइडचं पाणी घालायचं. बाटली तिथं आहे. खिडकी उघड आधी, जरा उग्र असतं."

त्यानं खिडकी उघडली. बाटलीचं बूच फिरवलं. आणि तो थांबला.

कुजक्या अंड्यांचा वास खोलीभर झाला. तिला तो सवयीचा होता. दादा मात्र बूच हातात धरून, मान थोडी वर करून उभा राहिला.

"दादा, झाकण लाव, बाहेर..."

"थांब."

ती थांबली.

"हा आला होता," तो म्हणाला. "तिसऱ्या रात्री. आपल्या प्लँटचा वास आपल्याला येत नाही, पण हा आला. खोलीत आला. मला वाटलं, टाकीत काहीतरी मरून पडलंय. मी बॅटरी घेतली." तो सावकाश बोलत होता, एकेक गोष्ट उचलून बघत असल्यासारखा. "बाहेर आलो. टाकीला पूर्ण फेरी मारली. काही नाही. मग पाणी आत येतं त्या चरापर्यंत गेलो. तिथं जास्त होता. पाणी काळं होतं, ठमे. जाळीला शेवाळासारखं पांढरं काहीतरी लोंबत होतं, ते मी काठीनं काढलं. काठी पडली आत. ती काढायला खाली वाकलो तर गुडघा फुटला, इथं." त्यानं उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "परत आलो तेव्हा चार वाजले होते. दोन्ही ब्लोअर चालू होते. मी हात लावून बघितले, गरम होते."

"हे चौकशीत का नाही बोललास?"

"त्यांनी विचारलं, झोपला होतास का. वासाचं कुणी विचारलं नाही. वहीत लिहावं तर वहीत रकाने दोनच, चालू आणि बंद." त्यानं बूच घट्ट लावलं. "झोपेत कुणाचा गुडघा फुटत नाही."

ती रडायला लागली. त्यानं तिला गप्प केलं नाही. लहानपणी ती पडली की तो आधी धावायचा. आज तो बसला होता तिथंच बसून राहिला, आणि तिला वाटलं, बरोबर आहे.

काही वेळानं त्यानं कोरा कागद मागितला. तिनं आणलेला अर्ज घडी करून टेबलावर ठेवून दिला.

"तू बाहेर जा," तो म्हणाला.

"दादा, ते ठरावीक मजकुरात लिहावं लागतं, साहेबांच्या नावे..."

"मला येतं लिहायला. तू जा."

ती प्रयोगशाळेच्या बाहेर बोळात जाऊन उभी राहिली. बावीस वर्षांत त्या दाराच्या बाहेर कुणाची वाट बघत ती कधी उभी राहिली नव्हती. अर्धा तास गेला. नवा ब्लोअरवाला जाता जाता थबकला, तिच्याकडं बघितलं आणि काही न विचारता पुढं गेला.

दार उघडलं. दादाच्या हातात दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद होता. तिचा हात सवयीनं पुढं झाला. प्लँटवरचा प्रत्येक कागद साहेबांकडं जाण्याआधी तिच्या नजरेखालून जायचा, चुका असतील तर दुरुस्त व्हायचा.

"बघू, काय लिहिलंस?"

त्यानं कागदाची घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली.

"राहू दे," तो म्हणाला, आणि साहेबांच्या खोलीकडं एकटाच गेला.